राजाची एक उडी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन महिना झाला. मी अजून रडलेले नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. आज कोराडीच्या कॉलनीत मुलांना बुद्धिबळ शिकवत होते. कुहीहून नव्यानेच आलेल्या पोरीने डाव मांडला आणि मधेच राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला! पोरं फिदीफिदी हसली.

"कोणी शिकवलं?" मी तिला विचारलं.

"माह्या आबाजीनं."

आठवतं ना? गिरणीतून आलात की मांजरपाटाच्या तुकड्यावर शाईने आखलेला पट तुम्ही ओट्यावर पसरायचात. गल्लीतली निम्मी पोरं तुमच्याकडेच शिकली. "शह बसला नसन तवरिक राजाले एकदा घोड्यावानी उडता येते. एकदाच वं बेबी! मंग जन्मभर पायीच चालाचं." इतकं सांगायचात, पण हे नियम फक्त आपल्याकडचे, बाहेरचे वेगळे, हे का नाही सांगितलंत? की तुम्हालाही ठाऊक नव्हतं?

सातवीत शाळांच्या स्पर्धेत मी तीच उडी मारली. पंचांनी चाल रद्द केली, डाव हातचा गेला. सगळे हसले, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "माझ्या बाबांना खेळताच येत नाही!"

तुम्ही डबा घेऊन दारात उभे होतात. मी तुम्हाला पाहिलं होतं, बाबा. पाहूनच म्हणाले.

परतताना सायकलवर तुम्ही एवढंच बोललात, "मले जे येत होतं ते देलं, बाई." पट पेटीत गेला, तो पुन्हा निघाला नाही. रागावला का नाहीत? एक थोबाडीत दिली असती, तर मी रडून माफी तरी मागितली असती! मग आज मागू, उद्या मागू करत राहिले आणि तुम्ही गेलात.

आज मी पोरांना गप्प केलं. म्हटलं, ही आपली जुनी चाल आहे, स्पर्धेत चालत नाही एवढंच.

"मंग माहे आबाजी चुकले नाई ना, बाई?"

"नाही गं. अजिबात नाही."

एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली, आणि बोलले ते भलत्याच म्हाताऱ्याबद्दल.

रविवारी तुमचा पट पेटीतून काढते. आधी स्पर्धेचे नियम शिकवीन, मग एक डाव तुमच्या नियमांनी. कोणी शिकवलं विचारलं, तर तुमचं नाव सांगेन. मोठ्याने, दाराकडे बघून.

तुमची,
बेबी