निंबोल्याच्या बागेतला पहिला खांब

अप्पा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी माझ्या धंद्याचे मालक तुम्हीच आहात. इतवारा बाजारात छापून घेतलेल्या पत्रकावर नाव तुमचं आहे. तारेचं कुंपण, लॉन, गुलाबाचे वाफे, सगळं करून मिळेल. मजकूर माझा, फोन नंबर माझा. आधीच्या पत्रकावर माझं नाव घातलं होतं, तर दोन महिने कुणी फोन केला नाही. आता लोक विचारतात, "अप्पा आहेत का?" मी म्हणते, "साईटवर गेलेत." या खोट्याची मला लाज वाटत नाही. नवरा वारल्यावर मी तुमच्याबरोबर कामाला येते म्हटलं, तेव्हा तुम्ही ताटावरून मानही वर केली नाहीत. "बाईच्या हातची तार ढोरंसुद्धा मानत नाहीत. भाजी वाढ." मी वाढली. वांग्याची होती. काम तुम्ही भावाला शिकवलंत, आणि तो इंदूरला नोकरी करतो. मी वाचायला शिकले तसंच हेही शिकले, कुणी न शिकवता, चुकत चुकत.

परवा निंबोल्याला गेले. केळीच्या बागेत रानडुकरं शिरतात म्हणून चारी बाजूंनी कुंपण हवं होतं. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. शेतकरी बांधावर उभा. "अप्पा नाही आले?"

"अप्पा वारले, भाऊ. सहा वर्षं झाली."

तो पत्रक उलटसुलट करून बघतो. "मग काम कोण करणार?"

"तुमच्याशी बोलतेय ती."

"घ्या! मी तर तुम्हाला त्यांची सेक्रेटरी समजत होतो." हसला, आणि काम दिलं. मला वाटलं, जिंकले. आज मजूर आणि खांब घेऊन गेले, तर त्याची आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. माझं मोकळं कपाळ बघून म्हणाली, "बेटा, वाईट नको मानू. पहिला खांब आहे. तू जरा ट्रॅक्टरच्या पल्याड राय."

मी गेले, अप्पा. नारळ फुटला, माझ्याच मजुरांनी कोपऱ्यातला खांब उभा केला, सिमेंट ओतलं. सगळ्या तारेचा ताण त्या खांबावर येतो, आणि तो आत कललेला मला तिथून साफ दिसत होता. एक हाक मारली असती तर सरळ झाला असता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागद टाकायला पत्ताही नाही. मी गप्प राहिले. पत्रकावर नाव तुमचं आहे, कुंपण पडलं तर बदनामी तुमची होईल, असं मनात आलं, आणि मला बरं वाटलं.