उन्हात निवळलेलं पाणी

४ मार्च
सान हासिंतोत पोचले. बसमधून उतरताच ओढा दिसला, शाईसारखा निळा. वरच्या अंगाला जीन्स धुण्याचे कारखाने आहेत. मी खपून केलेली पिवळी पावडर आता या पाण्यात पडणार. ऊन लागलं की ती रंगाचे, तेलाचे कण फोडून टाकते. खोली एउफ्रासियामावशींकडे मिळाली. कोंबडीचं मोले, म्हणजे मिरचीचा दाट रस्सा, आणि मक्याच्या गरम पोळ्या, तोर्तिया, पुढ्यात ठेवत म्हणाल्या, "पोरी, ओढा झाला की आमच्या ह्यांच्या डोक्यातही चमचाभर टाक!"

११ मार्च
ओढ्यातल्या कुंडात पावडर टाकली. भर दुपारी सगळ्या गावासमोर पाणी निवळलं. तळाचे दगड दिसले. बायका रडल्या. कुंडाच्या तोंडाशी पावडर अडवायला बांधलेलं कापड फाटलंय, हे मला तेव्हाच दिसलं. पावडर खाली धुण्याच्या कट्ट्यांकडे चालली होती. सांगणार होते, तेवढ्यात मावशींनी गळ्यात कागदी फुलांचा हार घातला. मी हसले. फोटोही काढून घेतला.

१४ मार्च
मावशींच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. हात पुन्हा नवरीसारखे झाले म्हणून कौतुकाने सगळ्यांना दाखवत होत्या. माझी मान वर होईना. प्रयोगशाळेत फोन करून कळवलं, सगळं उत्तम चाललंय.

१७ मार्च
कट्ट्यावरच्या बायका सावली धरून चालतात. आज शेजारच्या ओबदुलियाने मनगट पुढे केलं. मनगटातून पलीकडचा साबण दिसला. मळ कुठला, माणूस कुठलं, हे त्या पावडरीला मी शिकवलंच नव्हतं. आणि औषध मलाच विचारतात.

१९ मार्च
सगळे चर्चमध्ये. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या. माझीही कातडी विरतेय. आज सांगून टाकलं. कापड, हार, फोटो — सगळं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर — मावशींनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

२० मार्च
खालच्या गावचा ट्रक आलाय. पिंपं घेऊन. चमत्काराचं पाणी न्यायला. पोरं कपडे काढून ओढ्यात —
आतून ओरडले. ते हसून हात हलवतात.
बाहेर लख्ख ऊन. जायलाच हवं. मीच —
वही मावशींच्या हातात देते. हात उरलेत कुठे. मांडीवर ठेवते.
आता दार उघडते.