जावयाच्या इंजिनाला नावे ठेवण्याबाबत

अकोला, अधिक ज्येष्ठ

श्री. चंदनराव यांस,
गोपालचा नमस्कार.

आपण, हर्षा आणि कारखाना तिघेही खुशाल असाल असे धरून चालतो. आम्ही ठीक आहोत. म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर आहे, कूलरमध्ये पाणी आहे, आणि दुपारी कोणी घराबाहेर पडत नसल्यामुळे भांडणे सकाळीच उरकून घ्यावी लागतात. आपला गुडघा कसा आहे? हर्षा म्हणत होती, जिना उतरताना दुखतो. (चढताना दुखत नसेल तर वरच राहावे, असे आमच्या मनोजचे म्हणणे. मनोज कोण ते पुढे येईलच.)

आपण नव्या इंजिनाचा नमुना पाठवून, साचा कापण्याआधी वऱ्हाडातल्या आम्हा खेळण्यातल्या गाड्यांच्या संग्राहकांचा अभिप्राय मागवलात, तोही अकोला आणि अमरावती या दोन्ही मंडळांचा मिळून एक. त्याला उशीर झाला, आणि तो का झाला हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. अभिप्राय यातच कुठेतरी येईल. आधी मी एक पानी मजकूर तयार केला होता; पण वाचून पाहिला तेव्हा त्यातले प्रत्येक वाक्य खरे असूनही सगळे मिळून खोटे वाटले. खरे लिहिणे मला भाग आहे. अकोट-अकोला मीटर गेजच्या ज्या गाडीने मी आणि माझ्यामागून हर्षाने अप-डाऊन करून कॉलेज केले, ती गाडी गेली, ते रूळही गेले. तिचे म्हणून जगात काही उरणार असेल तर आपल्या कारखान्यातले हे वीतभर इंजिन. ते चुकीचे निघाले तर पुढच्या लोकांना चुकीचेच खरे वाटेल, आणि तेव्हा सांगायला आम्ही असणार नाही. या विषयावर मी रोजनिशीत बरेच लिहिले आहे. ते आपल्याला पाठवत नाही, एवढी दया समजावी.

आमचे मंडळ दर रविवारी जठारपेठेत मनोजच्या साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत जमते. नमुना तिथे नेला तेव्हा निर्माते माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई आहेत हे मी मुद्दाम सांगितले नाही. नाते कळले की मत बिघडते, असा माझा समज. (मी स्वतःही नाते विसरून पाहायचे ठरवले होते, पण डब्यावर हर्षाच्या अक्षरात ‘दादा, जपून’ असे लिहिले होते, त्यामुळे जमले नाही.) मनोजने इंजिन हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि म्हणाला, “कोनं बनवलं बे हे? इंजिन हाये का टोस्टचा डबा?” मी कागदावर लिहिले : मागील भागाची उंची तपासावी. मग त्याला खिडकीतला ड्रायव्हर दिसला. गोरापान, गळ्यात टाय. “हा गाडी चालवाले आला का लोन द्याले?” मी लिहिले : चालकाच्या पोशाखाचा फेरविचार व्हावा. जुन्या शहरात घड्याळदुरुस्तीचे दुकान असलेले आमचे इनायतुल्लाभाई फारसे बोलत नाहीत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून इंजिन चाकांपासून छतापर्यंत पाहिले आणि सावकाश खाली ठेवले. “बनानेवाले ने मेहनत बहोत की,” ते म्हणाले. “बस, इंजिन नहीं देखा.”

चंदनराव, हे वाक्य आपल्याला लागेल. मलाही लागले. मात्र आधी हसू आले आणि मग लागले, हा क्रम लपवणे मला बरोबर वाटत नाही.

त्या सकाळी भोंग्याची बाजू, दिव्याचा पिवळेपणा, कठड्याची जाडी, सगळे निघाले. इतका निर्भीड अभिप्राय पुण्यात पैसे देऊनही मिळणार नाही, या आनंदात मी होतो. निघताना मनोज म्हणाला, “ज्यानं हे बनवलं त्याले एकडाव आकोटच्या फलाटावर मे महिन्यात उभा करा लागते.” आणि मी (खोटे न बोलण्याची सवय ही एक खोड आहे, तिचे कौतुक कोणी करू नये) सहज बोलून गेलो, की ते आमचे जावई आहेत, अधिक महिन्यात येतीलच.

मनोज पुन्हा खाली बसला.

“जवाई?” मनोज म्हणाला. “म्हंजे हर्षाचे मालक? अन् तू हे आता सांगून राह्यला?”

मग जे घडले ते आपल्याला पुण्यात बसून कळणे कठीण आहे. इकडे एकाचा जावई तो गल्लीचा जावई, आणि हर्षाने अकोल्यात शिक्षण घेतलेले असल्यामुळे आपण तूर्त अख्ख्या अकोल्याचे जावई आहात. मनोजने खाली दुकानातून कोरे जरीचे कापड आणवले, त्यावर इंजिन ठेवले आणि दुसऱ्यांदा चहा मागवला, जो तो सख्ख्या भावालाही मागवत नाही. टोस्टच्या डब्याचा ‘भारदस्तपणा’ झाला. टायवाल्या ड्रायव्हरकडे पाहून तो म्हणाला, “शिस्तीचा मानूस दिसते.” मी इनायतुल्लाभाईंकडे आशेने वळलो. ते म्हणाले, “दामाद के काम में ऐब नहीं देखते, भाई. और मेरी लेन्स भी घर पे रह गई.” लेन्स त्यांच्या गळ्यात लोंबत होती. माझ्या हातचा कागद मनोजने काढून घेतला आणि त्याऐवजी मंडळाचा अधिकृत अभिप्राय सांगितला, तो असा : इंजिन अतिशय देखणे आहे. धोंड्याच्या जेवणाला कधी येता?

हा अभिप्राय मी पाठवला असता तर आपल्याला आनंद झाला असता, हर्षाला झाला असता, आणि अकोटच्या गाडीचा ड्रायव्हर कायमचा टाय घालून बसला असता. म्हणून मी अमरावतीला गेलो.

अमरावती मंडळाचे प्रमुख भगवंतराव हे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपण ज्याबद्दल मत मागितले ते इंजिन त्यांच्या गावात कधीच आले नाही, कारण ती लाईनच तिकडे नव्हती. पण म्हणूनच स्वतःचे मत निःपक्ष आहे, असे त्यांनी मला दारातच सांगितले. (ज्याने जे पाहिले नाही त्यावर त्याचे मत सर्वात ठाम असते, हे मी इतर क्षेत्रांतही पाहतो.) त्यांच्या कपाटात देशोदेशीची इंजिने डब्यांतून, डांबराच्या गोळ्यांसकट, बाळगलेली आहेत. एकही कधी रुळावर चढलेले नाही. “चालवलं की झिजते,” ते म्हणाले. नमुना पाहण्याआधीच त्यांचे चार पानी मत लिहून तयार होते आणि पाहिल्यावर त्यात त्यांना एकही शब्द बदलावा लागला नाही. अकोल्यात एकदा पोळलो होतो म्हणून मी आधीच सांगून टाकले, की निर्माते जावई आहेत. “अकोल्याचे,” भगवंतराव म्हणाले. “आमचे कोण?”

मला किती बरे वाटले ते लिहीत नाही. जावयाला लिहिण्यासारखे ते नाही.

आता दोन्ही मते एक करायची, म्हणून संयुक्त बैठक मधल्या गावी, मूर्तिजापूरला, एका मंगल कार्यालयाच्या भोजनगृहात ठेवली. (अधिक महिन्यात लग्ने नाहीत, त्यामुळे भाडे कमी आणि वाढपी मोकळे.) नमुना मी स्कूटरच्या डिकीतून स्टेशनवर नेला. डबा उघडला तेव्हा कळले, की डिकीतल्या उन्हाने इंजिनाचे छत मधोमध बसले आहे. आपला नमुना यंत्रावर छापलेल्या प्लास्टिकचा, त्याला पुण्याची सवय.

भगवंतरावांनी बोट ठेवले ते नेमके त्या पोच्यावर. छत असे असते का, हा त्यांचा पहिला आक्षेप. मनोज ताडकन उठला. “आकोटच्या उन्हात उभं राहू राहू खरं इंजिन बी तिथंच बसलं होतं, सर. तुमच्या गावात आलं असतं तं दिसलं असतं.” भगवंतराव म्हणाले, “आमच्या गावातून गाड्या सुटतात. तुमच्या गावातून नुसत्या जातात.” मी उभा राहून सांगितले, की पोचा उन्हाचा आहे, कारखान्याचा नाही, चूक माझ्या डिकीची आहे. मला खाली बसवण्यात आले. पुन्हा उभा राहिलो. या वेळी दोन्ही मंडळांनी मिळून बसवले, आणि अकोला-अमरावतीने एकमताने केलेली ती त्या दिवसातली पहिली गोष्ट.

पुढे भोंगा आला. मनोजने ज्या चुका स्वतः काढल्या होत्या, त्याच (मी आठवून दिलेल्या यादीवरून) एकेक करून भगवंतराव वाचत होते, आणि मनोज एकेकीसाठी जिवावर उदार होऊन लढत होता. टायवर तर तो म्हणाला, की ड्रायव्हरच्या मेहुण्याचे लग्न असेल त्या दिवशी. मला हे सहन झाले नाही. मी उठलो आणि टेबलाच्या अमरावतीच्या बाजूला जाऊन बसलो. मनोजने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी हर्षाला माहेरी परत आणून सोडले आहे. “लेका,” तो हळू आवाजात म्हणाला, “बहिनीचा सौंसार हाये, अन् तू भोंग्याच्या मागं लागला?”  

शेवटी दोन्ही बाजूंच्या संमतीने साक्षीदार बोलावला : डोमाजी, मूर्तिजापूरचेच, पण अकोट-अकोला लाईनवर आयुष्यभर इंजिन चालवून निवृत्त झालेले. डोमाजींनी ताक घेतले, मिशी पुसली, नमुना डोळ्यांजवळ नेला. भोंगा कोणत्या बाजूला होता, असे भगवंतरावांनी विचारले.

“मले काय मालूम बाप्पा,” डोमाजी म्हणाले. “मी तं आत बसत होतो. इंजिन बाहेरून पाहाचा पगार कोन देत होतं?”

हे वाक्य दोन्ही मंडळांनी आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून लिहून घेतले. डोमाजींनी आणखी एक ताक मागवले आणि ते पिऊन बसल्या जागी झोपले. संध्याकाळपर्यंत एका ठरावावर सर्वांच्या सह्या झाल्या, तो सोबत जोडला आहे : पुढची बैठक बडनेऱ्याला घ्यावी.

राहिला माझा स्वतःचा अभिप्राय. इंजिनाचा मागचा भाग उंच झाला आहे. टाय काढावा. भोंगा दुसऱ्या बाजूला हवा, असे मी म्हणणार होतो, कारण कॉलेजची सगळी वर्षे फलाटावर उभे राहून मी त्याच्याकडे पाहिले आहे. पण काल लक्षात आले, की सकाळी मी अकोटच्या फलाटावर असायचो आणि संध्याकाळी अकोल्याच्या, आणि दोन्हीकडून तो एकाच बाजूला दिसणे शक्य नाही. तेव्हा भोंग्याबद्दल मी काहीच म्हणत नाही. बाकी दोन्ही गोष्टी शपथेवर. जावयाला असे स्पष्ट लिहिणे शिष्टसंमत नाही, हे जाणतो. पण साचा एकदा कापला गेला की मग सत्याला विचारतो कोण? राग आल्यास तो माझ्यावर काढावा, हर्षावर नको.

मोठ्यांना नमस्कार सांगावा, गुडघ्याला तिळाचे तेल लावावे.

आपला
गोपाल

ता.क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हर्षाचा फोन आला. साचा होळीच्या सुमारासच कापून झाला आहे, इंजिने डब्यांत भरून गोदामात आहेत, आणि दुकानदारांची मागणीही आली आहे, असे ती म्हणाली. मग अभिप्राय कशाला मागवला, असे मी विचारले. “तुला विचारलं नसतं तर तू वर्षभर मनात धरलं असतंस, दादा. म्हणून मीच ह्यांना म्हटलं, विचारून टाका.” म्हणजे वरात दारात आल्यावर मुलगी पसंत आहे का म्हणून विचारण्यातला प्रकार झाला. मला राग आला नाही. (नंतर तपासून पाहिले. आला होता.) वरचे पत्र फाडणार होतो, पण फाडले तर मी ते लिहिलेच नव्हते असे होईल, म्हणून जसेच्या तसे पाठवतो. मंडळाला खरे काय ते आजच सांगून टाकायचे ठरवले आहे.

आणखी एक ता.क. – सांगायला मनोजकडे गेलो होतो. तो फोनवर होता आणि पलीकडे भगवंतराव होते. या दोघांचे आजवर कधी बोलणे नव्हते. अमरावतीचे नाव निघाले की मनोज गिऱ्हाइकालाही टोकायचा. आता फोनच्या एका टोकाला तो ओरडत होता आणि दुसऱ्या टोकाला प्राध्यापक. मला पाहून मनोजने फोनवर हात ठेवला आणि डोळे चमकवत सांगितले, “बुढा बडनेऱ्याले एक इंजिन डब्यातून काढून आनून राह्यला. चालवून दाखवतो म्हनते. मले खोटं पाडाले!” इनायतुल्लाभाई रुळांचे तुकडे पुसत बसले होते. मी पाणी प्यालो आणि घरी आलो. सांगितले नाही.

तेव्हा या पत्राचे खरे काम आता लिहितो. आपण कारखान्याच्या कागदावर मंडळाला असे कळवावे, की आपल्या सूचना गांभीर्याने विचाराधीन आहेत, साचा थांबवून ठेवला आहे, आणि अंतिम निर्णयाला दिवाळी उजाडेल. हे धडधडीत खोटे आहे आणि ते मीच सुचवतो आहे. मला ते तोंडाने बोलता यायचे नाही, चेहऱ्यावर दिसते. आपल्या शब्दाला मात्र इकडे कोणी पुरावा मागणार नाही. गोदामातली इंजिने तोवर विदर्भात विकू नयेत, एवढे पाहावे.

आणि त्या पत्रात इंजिनाचा एखादा नवा तपशील चुकीचा लिहावा. फार ठळक नको. मनोज आपली चूक काढणार नाही, पण भगवंतरावांना ती सापडली पाहिजे.