पाण्याचं टोक

३ ऑगस्ट, मोटोपी

आज पुन्हा पाण्याच्या टोकाशी. नदी चालत येते, मी तिच्यापुढे काठ्या रोवत चालतो – एवढंच काम. वर अंगोलात पडलेला पाऊस इतक्या महिन्यांनी इथे, वाळवंटाच्या कडेला पोचतो. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि रेताड पात्रातून चिखलट जीभ सरकतेय. टोक कुठे आलं ते फोनवर केनोसीसाहेबांना कळवायचं. ते माउनच्या ऑफिसात संगणकातल्या मॉडेलला भरवतात. मग मॉडेल सांगतं, पाणी कुठवर जाईल.

पाय भरून आलेत.

५ ऑगस्ट

मॉडेल म्हणतं, महिनाअखेर पाणी राकोप्सला. म्हणजे बोनोलो आत्याच्या दारात. तिला फोन केला. तिकडे पात्र कोरडं, शेजारी गुरं घेऊन वर पाण्याकडे निघालेत. हिची गुरं इतकी खंगलीत, शेपटी धरून उभी करावी लागतात.

"गणित कुणाचं? तुझं की शिकलेल्यांचं?"

शिकलेल्यांचं, म्हटलं.

"मग थांबते."

९ ऑगस्ट

डबक्यात अडकलेला पाणघोडा बघत बसलो. दुपार गेली. टोक मला सोडून पुढे! धावत गाठलं.

१४ ऑगस्ट

रेंगाळतंय. वाळूच सगळं पितेय.

१८ ऑगस्ट, खुमागाच्या खाली

पाणी कालच्याच काठीशी. साहेबांनी फोनवर जागा पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "मॉडेल जुन्या पुरांवर शिकलंय रे. तेव्हा वाळू आतून ओली असायची. आता हे ऊन, ही लागोपाठ कोरडी वर्षं – तिची तहान त्याला ठाऊकच नाही."

"आत्याला काय सांगू?"

"निघायला सांग."

सांगितलं. आत्या म्हणाली, "तूही येतो येतो म्हणतोस. कधी आलास?"

२१ ऑगस्ट

पाणी काठीच्या मागे हटलं. कडेच्या चिखलाला भेगा. साहेब म्हणतात, काम संपलं, परत ये. गेलो नाही. खालच्या, राकोप्सच्या वाटेकडे बघत बसलोय. एरवी मी एका जागी इतका टिकत नाही.

२४ ऑगस्ट

सकाळी गुरांच्या घंटा. पात्रातून आत्या, मागे गाढवगाडी. गुरं निम्मीच उरलीत. त्यांनी पाण्यात तोंडं घातली ती वर काढेचनात.

"ते आलं नाही, मग आम्ही आलो," आत्या म्हणाली. "लापशी आहे का काही?"

होती. कालची, ज्वारीची. खाल्ली तिने.

"परत कधी जाणार?"

"आधी झोपू दे, पोरा."

२५ ऑगस्ट

गाडी उतरवली. कोंबड्या, भांडी, घोंगड्या. तळाशी घराचं दार – बिजागऱ्यांसकट.