एक चमचा, मग थांबायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

नाकातली नळी काढली. अंगावर पडलेली पाल झटकावी तसं हिनं नळीकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र हिच्या गळ्याकडेच बघत बसलो. आता जे काही जाईल ते इथून जाणार. आणि माझ्या हातून.

गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी घरी येते. पिशवीत कायम स्टीलचा छोटा चमचा असतो, म्हणून मी मनातल्या मनात तिला चमचाबाई म्हणतो. तिनं समजावलं. अर्धांगाच्या झटक्यानं काकूंचा उजवा हात गेला, बोलणं गेलं, ते दिसतं. पण गिळणंही अर्धंमुर्धं झालंय, ते दिसत नाही. पाण्यासारखं पातळ काही द्यायचं नाही. दाणेदार तर नाहीच. "साईसारखं हवं, काका. चमचा कलता केला की गोळा होऊन पडलं पाहिजे. धार लागली की समजा बिघडलं." ताठ बसवायचं, हनुवटी खाली, एक चमचा, मग थांबायचं.

चुकलं तर काय होतं, मी विचारलं. अन्न फुप्फुसात जातं, म्हणाली. रस्ता सांगावा तितक्या सहज.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अंधाऱ्या खड्ड्यात, डोक्यावर लिफ्टचा अख्खा पाळणा लटकत असताना काम केलं. कधी भीती वाटली नाही. आज वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

४ फेब्रुवारी

दुधात कुस्करलेला बटाटा — थुंकला. गाजर — थुंकलं. केळं — तोंडच फिरवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वजन आणखी उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल. लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती दूर, रजा मिळत नाही, सगळा जीव इकडे. म्हणाली, बाबा, घालून टाका ना, निदान पोटात तरी जाईल. मी तिच्यावर खेकसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, खेकसलो कारण तिचं बरोबर आहे.

ही सगळं ऐकत होती. बोलता येत नाही म्हणून ऐकूही येत नाही असं आम्ही सगळेच वागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाण्याकडे शेंगदाण्याचं पोतं उघडं होतं, तिथेच थबकलो. ही बस डेपोत तिकीट खिडकीवर होती. पर्समध्ये पैसे असोत नसोत, भाजलेले दाणे असायचेच. घरभर फोलपटं. उशीखाली, कपाटात, एकदा तर माझ्या बुटात. तुझ्यापेक्षा उंदीर परवडला, मी म्हणायचो. ही म्हणायची, मग उंदराशी करायचं होतं लग्न.

दाणे घेतले. घरी येऊन चमचाबाईला फोन लावला. ती म्हणाली की घशाच्या पेशंटला दाणा म्हणजे सगळ्यात वाईट, एक कण अडकला तरी पुरे. मी म्हटलं, सूप केलं तर? शिजवून, वाटून, गाळून, अगदी मलईसारखं? ती म्हणाली, "करून ठेवा. मी आल्याशिवाय काकूंच्या तोंडाला लावू नका. कण नको, काका. एकही नको."

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं सूप वाया. मंद आचेवर भाजायचे म्हणतात ते उगाच नाही. मी घाई केली, बाहेरून काळे आणि आत कच्चे. तरी साली चोळून काढल्या, शिजवले, मिक्सरला लावले. दिसायला छान. जिभेवर घेतलं तर वाळू! हिच्या घशात ही वाळू जाताना डोळ्यांसमोर आली आणि मला मोरीत जाऊन उभं राहावं लागलं.

१० फेब्रुवारी

दाणे रात्रभर भिजवले होते. बोटानं चिरडतील इतके मऊ शिजवले. दोनदा वाटले. चाळणीतून गाळलं तरी तळाशी रवा राहिलाच. शेजारच्या शिंप्याकडे गेलो, मलमल मागितली. कशाला म्हणाला. सांगितलं. त्यानं ठाणाच्या मधूनच तुकडा फाडला, बायकोकडून उकळून आणून दिला. हिची चौकशी केली नाही, तेच बरं केलं.

मलमलीतून पिळलं. बोटं भाजली. दूध घालून पुन्हा मंद आचेवर, एकसारखं ढवळत. जरा हात थांबला की तळाला लागतं, जास्त उकळलं की तेल सुटतं. घट्टपणासाठी उकडलेला बटाटा, तोही गाळून. मीठ. मिरी नाही, मिरीनं ठसका लागेल.

मग ताठ बसलो, हनुवटी खाली केली आणि स्वतः एक चमचा घेतला. गिळलं. थांबलो. किती साधी गोष्ट आहे ही, कधी लक्षातच आलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चमचाबाई आली. चमचा कलता केला, गोळा पडला. बोटांत चोळून बघितलं. मान हलवली. आणि चमचा माझ्याच हातात दिला! काका, रोज तुम्हालाच भरवायचंय.

पहिला चमचा अर्धा हिच्या टॉवेलवर सांडला. ओठांपाशी नेलं. वासानं हिचे डोळे बदलले. कसे ते लिहिता येत नाही. तोंड उघडलं. मी गळ्याकडे बघत राहिलो, लिफ्टचा दोर बघावा तसा. गळा वर गेला, खाली आला. ठसका नाही. "आ म्हणा, काकू." हिनं आ केलं. आवाज कोरडा होता. आवाज ओला, घरघरता आला तर वाईट.

आठ चमचे खाल्ले. मग हिनं डावा हात वाटीवर ठेवला, काढून घेईन म्हणून.

जिना उतरताना चमचाबाई म्हणाली, छान झालं होतं हं. मी दार लावून घेतलं आणि तिथेच खाली बसलो.

१३ फेब्रुवारी

रोज वाटीभर. ठसका नाही. लेकीला फोनवर ऐकवलं — ऐक, तुझी आई चमचा वाजवतेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एवढं सुरळीत चाललंय तरी जेवणाची वेळ जवळ आली की मी सूप पुन्हा एकदा मलमलीतून गाळतो. ही खाते आणि मी हिच्या गळ्यावर पहारा करतो. आज हिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. गळ्याकडे नको, माझ्याकडे बघ, असं. बघितलं. किती दिवसांनी नीट बघितलं. गालावर थोडं मांस आलंय.

पण चमचा भरला की नजर पुन्हा गळ्यावर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अंग कोमट लागलं. पांघरूण जास्त झालं असेल. दुपारी तापलं. श्वास भराभर. सूप तसंच राहिलं.

१९ फेब्रुवारी

दवाखाना. ऑक्सिजन. लेक निघाली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी फोटो दाखवला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरं. म्हणाले, अन्न जातंय आत. मी म्हटलं, शक्य नाही, एकदाही ठसका लागला नाही, मी रोज बघत होतो. तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की ऐकायला नको वाटतं.

"ठसका लागला नाही, हेच तर वाईट आहे. आत गेलेलं त्यांना कळतच नाहीये."

म्हणजे मी ज्याला घाबरत होतो तो ठसका पहारेकरी होता. तो झोपलेला. आणि मी त्याच्या झोपेवर खूश. रोज, वाटीभर, प्रेमानं, मी हिच्या फुप्फुसात शेंगदाण्याचं सूप ओतत होतो.

चमचाबाई भेटायला आली. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. माझ्यामुळे झालं का, मी विचारलं. ती लगेच नाही म्हणाली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. म्हणाली, "पहिल्या दिवशी मलाही कळलं नाही, काका. सूप चांगलंच होतं. घसाच तसा नाहीये."

तिचेही डोळे लाल होते.

२१ फेब्रुवारी

औषध लागू पडतंय. ताप उतरला. लेक पोचली, आईच्या पायांशी डोकं ठेवून तशीच झोपली.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. पोटातून नळी घालायची, तोंडानं पुन्हा काहीही नाही, बहुधा कायमचं. तरी शंभर टक्के खात्री नाही, थुंकीसुद्धा आत जाऊ शकते. नळी नको असेल तर हिला आवडेल ते थोडंथोडं द्यायचं, पण मग हे पुन्हा होणार. कधी ते सांगता येत नाही. पुढच्या वेळी बाहेर काढू शकू असं नाही. विचार करून सांगा.

लेक म्हणते, नळी. मला विचारलं. नळी घातली तर पुन्हा कधी चमचा उचलायला नको, ही सुटका आधी मनात आली. त्याची शरम नंतर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डॉक्टर आले. आम्हाला बाहेर घेऊन निघाले तर मी म्हटलं, इथेच सांगा. हिला सांगा. त्यांनी हिच्या कॉटजवळ बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. मग विचारलं, नळी घालू या?

हिनं लेकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आ करणार.

"नको," ही म्हणाली. झटक्यानंतरचा पहिला शब्द. मग बऱ्याच वेळानं, घाम फुटेपर्यंत खटपट करून, दुसरा — "घरी."

लेक रडत होती. बाबा, पण आता आईला भरवणार कोण?

मी, म्हटलं.