वडावरची जोडी

वटपौर्णिमा, १९५४. कलकत्ता

सकाळी तळ्याकाठच्या वडाला सूत गुंडाळून झालं आणि पारंबीवर नाकतोड्यासारख्या हिरव्या खंडोबाच्या किड्यांची जोडी दिसली. मादीचे पुढचे पाय नमस्काराला जोडल्यासारखे. पिशवीत कॅमेरा होताच. भिंग लावून अगदी जवळ गेले आणि किंचाळलेच! ती नराचं डोकं खात होती. आणि तो, बिनडोक्याचा, तिला धरूनच होता. पळाला का नाही? बटण दाबलं की नाही, आठवत नाही. नुकताच तिथे सात जन्म हाच नवरा मागितला होता मी!

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "अशी काय बघतेस?"

"माझा उपास आहे म्हणून वाचलात."

हे खूप हसले. मला मात्र तो बिनडोक्याचाच दिसत होता, घट्ट धरून बसलेला.