पोट माझं, तारीख दादाची

११ जून, बुधवार
थोरला भाऊ आहे, मान्य. पण पोट माझं! स्वादुपिंड माझं! सर्जनच्या केबिनमध्ये मी तोंड उघडायच्या आत हा म्हणतो — “सोमवारची तारीख द्या डॉक्टर, ईआरसीपीच करून टाका.” जसं काही गाडीचं ऑइल बदलायचंय!

स्वादुपिंडाला दोनदा सूज येऊन गेली. स्कॅनमध्ये त्याची नळी फुगलेली दिसते, का फुगली ते दिसत नाही. म्हणून ही ईआरसीपी: तोंडातून आतड्यापर्यंत दुर्बीण, तिथून नळीत रंग सोडून फोटो. खडा सापडला तर लगेच काढायचा. “धोका काय?” मी विचारलं. “कधीकधी त्यानेच सूज येते.” कधीकधी म्हणजे? शंभरात पाच-दहा! तेही खोदून विचारलं म्हणून सांगितलं.

१२ जून
मी शिकवते त्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो. आज तो दाबला आणि कळ थेट पाठीत. शिकणाऱ्या बाईंवर इतकी ओरडले की त्या गाडी बंद करून रडायलाच लागल्या. त्यांचा काय दोष!

१४ जून
दादाला न सांगता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागदावर पेनाने पोटच काढून दाखवलं. दुसरी दुर्बीण असते — ईयूएस. टोकाला सोनोग्राफी. जठरातूनच शेजारचं स्वादुपिंड बघायचं, नळीत शिरायचंच नाही. गरज पडली तर सुईने तुकडा घ्यायचा. “धोका हिच्यातही आहे, पण कमी. नुसतं बघायचंय ना? मग आधी ही. काही काढायचं निघालं तर ईआरसीपी आहेच.”

इतकं सोपं! मग त्या सर्जनच्या तोंडाला काय कुलूप होतं?

१६ जून
आजची तारीख मी रद्द केली. दादा दारातच — “डॉक्टर बदलत बसलीस! सोक्षमोक्ष लावायचा की नाही?”
“तुला कसली घाई?”
“मला? मला कसली असणार!”
“मग जा घरी!”
गेला. चहा तसाच. ओतून टाकला मोरीत.

१९ जून
ईयूएस झाली. घसा खरवडल्यासारखा. खडा नाहीच! लहानशी गाठ आहे, तुकडा तपासायला गेलाय. म्हणजे खड्यासाठी उगाच नळीत शिरले असते! दादा बाहेर बसून होता. बोलावलं कुणी?

२४ जून
कॅन्सर नाही. सुजेची गाठ, गोळ्यांनी विरेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
दादाला फोन केला, जरा टेचातच. तर तो रडायलाच लागला. दादा!
“चिमे, मलाही तिथेच दुखतं गं. मार्चपासून. आधी तुझं काय निघतं ते बघायचं होतं.”